बॅरिंग गिअर

"पेशंट कोण?"

काउंटरवरच्या मुलीने हा प्रश्न विचारला की तिची नजर आधी बाबांकडे जाते. साहजिकच आहे. एका बाजूला साठीकडे झुकलेला, मान पुढे काढून वाकून चालणारा माणूस आणि दुसऱ्या बाजूला पाठीवर लॅपटॉपची सॅक अडकवलेला अठ्ठावीस वर्षांचा घोडा. मग मी हात वर करतो, "मी." ती एकदा माझ्याकडे बघते, एकदा फाईलकडे. मग टोकन मिळतं. दर तीन महिन्यांनी हा सीन ठरलेला. सुरुवातीला राग यायचा, मग हसू यायला लागलं. आता... असो, तिथपर्यंत येतोच.

खरं म्हणजे आजाराबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आपण वीकेंडला बसून चार हलक्याफुलक्या गोष्टी लिहाव्यात, लोकांनी चहा पिता पिता वाचाव्यात, एवढीच अपेक्षा. पण गेल्या वर्षी असं काही घडलं की ते लिहिल्याशिवाय बाकी काही सुचेना. तेव्हा आज थोडं सहन करा.

मी एकलहऱ्याचा. नाशिकरोडहून बाहेर पडलं की लांबून ज्या उंच चिमण्या दिसतात ना, त्यांच्या पायथ्याशी. आमच्याकडे त्याला अजूनही सगळे 'बोर्ड'च म्हणतात. २००५ साली वीज मंडळाचे भाग होऊन महानिर्मिती झाली, पण तोंडातला बोर्ड काही जात नाही. २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, १९७९ ते १९८१ या काळात सुरू झालेले. म्हणजे संच माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे. बाबा टर्बाइनवर. फर्स्ट, सेकंड, नाईट अशा शिफ्टवर आमच्या घराचं घड्याळ चालायचं. नाईट करून बाबा झोपलेले असले की टीव्ही बंद, कुकरची शिट्टी बंद आणि आम्ही पोरं ग्राउंडवर.

इंजिनिअरिंग करून २०१९ ला पुण्यात नोकरीला लागलो, हिंजवडीत. सहा-सात महिने झाले नाहीत तर लॉकडाऊन. बॅग उचलून एकलहऱ्याला परत. कॉटवर बसून, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप अशा अवस्थेत वर्षभर काम केलं. २०२० च्या दिवाळीनंतर कंबर दुखायला लागली. कुणाला आश्चर्य वाटलं? कुणालाच नाही. मलाही नाही. आयटीवाला, कंबर दुखते, त्यात काय विशेष!

पण या दुखण्याची एक गंमत होती. पहाटे तीन-चारला जाग यायची ती कंबर आणि कुल्ल्यांच्या दुखण्याने. कूस बदलायची तर आधी प्लॅनिंग करावं लागे. सकाळी उठल्यावर तासभर मी लाकडाचा ओंडका. मोजे घालायला वाकता येत नसे. आणि मग हिंडलो-फिरलो, गरम पाण्याने आंघोळ केली की अकरापर्यंत सगळं बऱ्यापैकी ठीक. रविवारी आराम केला की सोमवारी जास्त दुखायचं. हे उलटं का चाललंय हा प्रश्न मला पडायला हवा होता. डीबगिंगवर पगार घेतो मी! पण स्वतःच्या शरीराचा लॉग वाचायची अक्कल आपल्याला नसते.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. एक झाले, दुसरे झाले. एक्स-रे नॉर्मल. कमरेच्या मणक्यांचा एमआरआय काढला, त्यात एक चकती जराशी बाहेर आलेली दिसली. झालं, गुन्हेगार सापडला! पट्टा आला, पेनकिलर आल्या, 'महिनाभर बेडरेस्ट' आली. मी इमानदारीत झोपून राहिलो आणि महिन्याने पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत उठलो. पुढे कळलं की माझा आजार मुळात मणक्यांच्या फोटोत नव्हताच. तो खाली, माकडहाड आणि कंबरेचं हाड जिथे जुळतं त्या सॅक्रोइलियाक सांध्यांत सुरू झाला होता, आणि त्या एमआरआयची फ्रेम त्याच्या वरच संपत होती. म्हणजे बग एका मोड्यूलमध्ये आणि आम्ही टेस्ट करतोय शेजारचं.

आजार सापडला तो कंबरेमुळे नाहीच. २०२३ च्या जानेवारीत उजवा डोळा लालभडक झाला. उजेडाकडे बघवेना. आई म्हणाली, डोळे आलेत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मशीनला हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ आत बघितलं आणि अचानक विचारलं, "सकाळी उठल्यावर कंबर धरते का हो?" मी उडालोच. डोळ्यांच्या डॉक्टरला माझी कंबर कशी काय दिसली? त्यांनी सांगितलं, डोळ्याच्या आत सूज आहे, युव्हिआयटिस म्हणतात, आणि तरुण माणसाला असं झालं की पाठीची चौकशी करायची असते. "ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला भेटा." हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. स्पेलिंग अजूनही बघून लिहितो.

मावसभाऊ मुंबईला असल्याने तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये नंबर लावला. त्या डॉक्टरांनी फार काही केलं नाही. पाठीवर पेनाने दोन खुणा केल्या, वाकायला लावलं आणि टेपने मोजलं. निरोगी माणूस वाकला की त्या खुणांमधलं अंतर चांगलं पाच सेंटिमीटरने वाढतं. माझं जेमतेम अडीच. मग रक्त, मग बरोब्बर त्या सांध्यांचा एमआरआय. निदान : अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. शरीराची संरक्षण यंत्रणाच सांध्यांवर उलटते, सूज येते, आणि वर्षानुवर्षं ती तशीच राहिली तर मणके एकमेकांना जोडून एकच हाड होतं. एक्स-रेमध्ये बांबूसारखं दिसतं म्हणून त्याला बांबू स्पाइन म्हणतात. बहुतेकांना हा आजार ऐन विशी-तिशीत गाठतो. आणि आरामाने वाढतो, हालचालीने कमी होतो. माझी ती 'उलटी' गंमत म्हणजे या आजाराची सहीच होती.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला आहे का? आई-वडील, काका?"

मी अगदी आत्मविश्वासाने सांगितलं, "नाही."

बाबा तेव्हा बाहेर बाकावर बसले होते. मांडीवर डब्याची पिशवी आणि माझी जुनी सगळी पाकिटं. "आत दोघं कशाला? डॉक्टरांना अडचण होते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मग सुरू झाल्या वाऱ्या. सकाळी नाशिकरोडहून पंचवटी, रात्री परत. चार तास एका जागी बसणं म्हणजे माझ्यासाठी शिक्षाच, त्यामुळे देवळाली गेलं की मी उठतो आणि इगतपुरी, घाट करत दाराजवळ उभा राहतो. पासवाले काका आता ओळखतात. "काय इंजिनिअर, आज तारीख का?" कोर्टाची तारीख असावी तसं विचारतात. घाट चढताना गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावतात हे लहानपणापासून पाहिलंय, पण आजारी पडल्यावर त्या मागच्या इंजिनांकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

गोळ्यांनी पुरेसं भागेना तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलं, अॅडालिमुमॅब. आमच्यासारख्यांच्या शरीरात टीएनएफ नावाचं एक प्रथिन सूज पेटती ठेवतं, त्याला हे औषध पकडून ठेवतं. ही कल्पना लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि मूळचे लुधियानाचे रविंदर मैनी यांनी संधिवाताच्या रुग्णांवर १९९० च्या दशकात सिद्ध केली. २००३ साली दोघांना त्यासाठी लास्कर पारितोषिक मिळालं. आणि डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडसने याच औषधाची जगातली पहिली बायोसिमिलर आवृत्ती भारतात आणली, म्हणून ते माझ्यासारख्याच्या निदान विचारात तरी येऊ शकतं. स्वस्त नाहीच. आणि माझी कंपनीची मेडिक्लेम म्हणते, अॅडमिट झालात तर पैसे देऊ. घरी बसून टोचून घेतलंत तर तुमचं तुम्ही बघा! म्हणजे मी आणखी आजारी पडलो तर पॉलिसी माझ्यावर खूश.

बरं, लगेच टोचायचंही नाही. हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं, त्यामुळे शरीरात झोपलेला टीबी जागा होऊ शकतो. आपल्या देशात तो कुणाच्या शरीरात झोपलाय याचा नेम नाही. माझ्या हातावरची टेस्ट चांगली टरारून फुगली. छातीचा एक्स-रे स्वच्छ, म्हणजे आजार नाही, पण जंतू मुक्कामाला आहेत. मग आधी आयसोनियाझिडच्या गोळ्या, आणि त्या महिनाभर पोटात गेल्यावर पहिलं इंजेक्शन. तोपर्यंत लिव्हरच्या टेस्ट, पुन्हा रक्त, पुन्हा तारीख.

इंजेक्शन दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं, पण गोठता कामा नये. नाशिकहून बर्फाच्या पाकिटात घालून, मांडीवर घेऊन, मी ते रिक्षाने आणलं. आईने प्रेमाने उचलून थेट बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. "थंड पाहिजे ना?" दहा मिनिटांत लक्षात आलं म्हणून वाचलं, नाहीतर माझ्या पगाराचा मोठा तुकडा कुल्फी होऊन गेला असता. आता ते फ्रीजच्या मधल्या फळीवर, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी असतं. दर दुसऱ्या शनिवारी पोटाच्या कातडीखाली. दीड महिन्यात मी पहिल्यांदा रात्रभर सलग झोपलो. सकाळी उठून मोजे घातले आणि कॉटवर बसून येड्यासारखा रडलो. मोज्यांसाठी कुणी रडतं का? मी रडलो.

ऑफिसमध्ये मात्र वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. दर तारखेला 'पर्सनल वर्क' टाकायचो. भीती ही की अप्रेझलला कुणीतरी म्हणेल, याला मोठा प्रोजेक्ट नको, हा आजारी असतो. शेवटी मॅनेजर तोडगा निघेपर्यंत जेव्हा "इंटरव्ह्यू देतोयस का?" असं विचारायला लागली तेव्हा सांगून टाकलं. ती दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "माझ्या आईला डायलिसिस आहे, आठवड्यातून दोनदा. मीही 'पर्सनल वर्क'च टाकते." एकाच कॉलवर रोज भेटणारी आम्ही दोन माणसं, वर्षभर एकमेकांशी एकच खोटं बोलत होतो.

आता मूळ गोष्ट. नोव्हेंबर २०२४ ची तारीख. बाहेर इतकी गर्दी की बसायला बाक नाही. मी म्हटलं, "बाबा, चला आत." ते दारातून आत आले आणि डॉक्टर लिहायचे थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"काका, जरा त्या भिंतीला पाठ लावून उभे राहता? टाचा भिंतीला. हां. आता डोकं मागे भिंतीला टेकवा."

बाबांनी प्रयत्न केला. हनुवटी वर गेली, मानेच्या शिरा ताणल्या. डोकं आणि भिंत यांच्यात चांगलं वीतभर अंतर राहिलं. बाबा कसनुसं हसले. "नाही टेकत साहेब. बोर्डातली नोकरी, जड कामं... तिशीतच धरली पाठ."

"डोळा कधी लाल व्हायचा?"

"व्हायचा ना. कोळशाची राख जायची हो, आमच्याकडे ती असतेच."

डॉक्टरांनी एक्स-रे लिहून दिला. संध्याकाळी त्याच काचेवर माझ्या शेजारी बाबांचा फोटो लागला. कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती. बांबू.

मी 'नाही' म्हणून सांगितलं होतं. वीस-पंचवीस वर्षं जो माणूस माझ्यासमोर वाकत गेला, त्याला मी 'नाही' म्हणून सांगितलं होतं. आम्हाला ती बाबांची पाठ नव्हतीच, ते बाबाच होते. त्याहून वाईट सांगतो. सातवीत असताना गॅदरिंगला मी एका नाटुकल्यात म्हातारा झालो होतो, आणि हशा मिळवायला बाबांची चाल उचलली होती. मान पुढे, हात मागे, अख्खं अंग वळवून बघायचं. कॉलनीतले सगळे खो खो हसले. बाबा तिसऱ्या रांगेत होते. तेही हसले. वळून मागे बघायचं असेल तर अख्खं अंग का वळवावं लागतं हे आज मला माहीत आहे.

परतीच्या गाडीत आम्ही दोघंही दाराजवळ उभे होतो. टिटवाळ्यापर्यंत बाबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे हे माझ्याकडून आलं तुला."

मी समजावायला लागलो. एचएलए-बी२७ नावाचं जनुक असतं, १९७३ साली त्याचा या आजाराशी संबंध सापडला, ते आई-वडिलांकडून मुलात यायची शक्यता निम्मी, आणि असलं तरी ते असणाऱ्या बहुतेकांना काहीच होत नाही, त्यामुळे 'दिलं' असं म्हणता येत नाही... बाबांनी सगळं ऐकून घेतलं. ते टर्बाइनचे माणूस, त्यांना माझ्या टक्केवारीत रस नव्हता.

"बॅरिंग गिअर माहितीय तुला?" त्यांनी विचारलं.

नव्हतं माहीत. बाबा कसारा येईपर्यंत बोलत राहिले. टर्बाइन मिनिटाला तीन हजार फेरे फिरतं. संच बंद केला की ते हळूहळू थांबतं. पण आत ते भयंकर तापलेलं असतं. तसंच थांबू दिलं तर वरची बाजू गरम, खालची थंड, आणि एवढा जाडजूड पोलादी रोटर केसभर वाकतो. केसभर पुरे! पुन्हा सुरू केला की थरथरून सगळं उद्ध्वस्त. म्हणून थांबलं की लगेच एका छोट्या मोटरने त्याला सावकाश फिरवत ठेवतात. वीज तयार होत नाही, काही नाही, नुसतं फिरवायचं. पूर्ण निवेपर्यंत. कधी कधी दिवसच्या दिवस.

"तीस वर्षं मी त्या मशीनला एका जागी बसू दिलं नाही," बाबा म्हणाले, "आणि घरी आलो की पाठ दुखते म्हणून पडून राहायचो. तुझी आई पाय चेपायची. मला कुणी सांगितलंच नाही रे."

यावर काय बोलणार? बाबांच्या तरुणपणी ही इंजेक्शनं नव्हती हे खरं. पण व्यायाम होता. निदान होतं. नव्हतं ते एवढंच, की कुणालाही, बाबांना स्वतःलाही, असं वाटलं नाही की ही पाठ दाखवण्यासारखी गोष्ट आहे. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या चमूने १९९६ पासून भिगवणमध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती. त्याबद्दल वाचताना मला राहून राहून वाटत होतं, एखादा चमू आमच्या कॉलनीतही आला असता तर?

बाबांच्या जोडलेल्या मणक्यांवर आता उलटा उपाय नाही. डॉक्टरांनी हाडांचा ठिसूळपणा तपासला, औषध दिलं, आणि ताकीद दिली : पडायचं नाही, कारण असा मणका साध्या पडण्यानेही मोडू शकतो. आणि सलूनमध्ये मान मोडून घेणं कायमचं बंद. बाबांना यातलं हे शेवटचंच जास्त लागलं. दर रविवारची ती 'कट्' त्यांची चैन होती.

ज्यांना पहाटे कंबर जागं करते, सकाळी अर्धा-पाऊण तास अंग धरतं, हिंडल्यावर मोकळं होतं, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय, वय पंचेचाळिशीच्या आत आहे, त्यांनी खुर्ची बदलायच्या आधी एकदा ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला दाखवा. आणि त्यांनी घरातलं कुणी विचारलं तर उत्तर द्यायच्या आधी घरी जाऊन नीट बघा. माझ्यासारखं फाडकन 'नाही' म्हणू नका.

रोज सकाळी साडेसहाला आम्ही दोघं हॉलमध्ये चटया टाकतो. आई चहा घेऊन बसते आणि दोघांच्याही चुका काढते. माझी बोटं आता पायाच्या अंगठ्यापासून चार बोटं दूर आहेत, दोन वर्षांपूर्वी वीतभर होती. बाबांचं डोकं भिंतीला टेकत नाही, टेकणारही नाही. पण ते रोज भिंतीला उभे राहतात, आणि मी पट्टीने मोजून वहीत लिहितो. तारीख, वेळ, रीडिंग. शिफ्टच्या लॉगबुकासारखं. तसं त्यांनीच सांगितलंय.

मागच्या वेळी काउंटरवर तीच मुलगी होती. "पेशंट कोण?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा अख्खे वळून माझ्याकडे बघत होते.

"दोघंही," बाबा म्हणाले, आणि पिशवीतून दोन फाईली काढल्या.